नृत्याचे माहेर

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मला दिलेला विषय आहे 'भारतीय नृत्यप्रकार : उगम आणि शैली'. विषय एवढा ऐसपैस आहे की तासाभरात त्याची नुसती यादी वाचून होईल. तशी यादी आपण शाळेत पाठ केलीच होती. तमिळनाडूचे भरतनाट्यम्, केरळचे कथकळी, आंध्रचे कुचिपुडी, ओडिशाचे ओडिसी, मणिपूरचे मणिपुरी, उत्तर हिंदुस्थानचे कथक. 'जोड्या लावा' या प्रश्नात आपण हे सारे बिनचूक जुळवले आणि गुण मिळवले. आज मला त्या जोड्यांविषयी नव्हे, तर त्यांना जोडणाऱ्या रेघेविषयी बोलायचे आहे. डावीकडचे नृत्य आणि उजवीकडचा प्रांत यांच्यामध्ये आपण पेन्सिलीने जी सरळ रेघ ओढली, ती प्रत्यक्षात कधीच सरळ नव्हती. ती कोणाच्या अंगणातून गेली, कोणाच्या घरावरून वळसा घालून गेली, हे पाहिले की आपल्या संस्कृतीविषयीच्या पुष्कळ ठाम कल्पना सैल होतात.

गेली अठ्ठावीस वर्षे मी लखनौत, महानगर भागात राहते. महानगर म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. आमचे महानगर ही मात्र गोमतीच्या पलीकडची एक वसाहत आहे, गोल मार्केटपासून निघाले तर चालत चालत संपणारी. तेथे घराच्या वरच्या खोलीत मी मुलींना, आणि अलीकडे दोन मुलांनाही, कथक शिकवते. (आपण मराठीत 'कथ्थक' म्हणतो. लखनौत तसे म्हटले की समोरचा हसून तो जास्तीचा 'थ' काढून घेतो.) नाव घालायला येणारे पालक मला पहिल्याच दिवशी विचारतात, "ही विद्या मुळात देवळातलीच ना?" दुसरे काही जण तितक्याच अभिमानाने विचारतात, "ही तर नवाबी चीज, नाही का?" मराठी घरांतून येणारा प्रश्न तिसराच असतो आणि तो जरा हलक्या आवाजात येतो. एका सुविद्य आईने तो असा विचारला होता : "बाई, हे आपल्याकडच्या तमाशासारखे तर नाही ना?"

या तिन्ही प्रश्नांमागे एकच इच्छा आहे. मुलीच्या पायांत घुंगरू बांधण्यापूर्वी त्या घुंगरांचे माहेर चांगले आहे, अशी खात्री पालकांना हवी असते. त्यात गैर काहीच नाही. पण हा प्रश्न प्रथम आपल्या भाषेलाच विचारून पाहावा. मराठीत मोर नाचतो, पोर आनंदाने नाचते, दिंडीतला वारकरी नाचतो. तोच शब्द बाईविषयी वापरला की सूर बदलतो. घुंगरांच्या माळेला आपल्याकडे 'चाळ' असा सुरेख शब्द आहे; पण 'पायांत चाळ बांधले' हे वाक्य कोणत्या घरात कौतुकाने उच्चारले गेले आहे? मुलींना नाचायला शिकवायचे ठरवले तेव्हा आपण 'नाच' अंगणात ठेवून 'नृत्य' दिवाणखान्यात आणले, आणि 'चाळ' फडावर ठेवून 'घुंगरू' घरात घेतले. वस्तू तीच होती, नाव मात्र परगावाहून मागवलेले.

आपल्या पूर्वजांना ही अडचण नव्हती. संगीताविषयीचा जो ग्रंथ उत्तरेत आणि दक्षिणेत सारखाच प्रमाण मानला जातो, तो 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याचा सातवा अध्याय संपूर्ण नर्तनाला वाहिलेला आहे. ग्रंथकार शार्ङ्गदेव मराठी मुलखात राहिला. पण त्याचे घराणे काश्मीरचे, आजोबा तेथून दक्षिणेत आलेले. त्याच शतकात वरंगळच्या जायसेनापतीने 'नृत्तरत्नावली' लिहिली. तीत 'गौंडली' नावाच्या नृत्याची हकिगत आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने एका उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणारी, गाणारी स्त्री पाहिली, तो प्रसन्न झाला आणि त्यावरून त्याने नृत्याचा एक प्रकार सिद्ध केला. महाराष्ट्रात भिल्लिणीला 'गौंडली' म्हणतात म्हणून त्याला ते नाव पडले. सेनापतीच्या हातचा संस्कृत ग्रंथ, पण हे नृत्य राजाने कोणाकडून उचलले हे नोंदवताना त्याला कमीपणा वाटला नाही. घेणाऱ्याचे नाव जसे आले, तसा देणारीचा कूळधागाही आला. पुढच्या सातशे वर्षांत हा धागा कसा तुटला, हे मला लखनौत राहून कळत गेले.

त्यापूर्वी एक घरचे उदाहरण सांगते. या शाळेच्या पटांगणावर ज्याने लेझीम हातात धरली नाही, असा माजी विद्यार्थी या सभागृहात नसेल. लेझीम म्हणजे अस्सल मराठमोळी. ढोल-ताशा वाजला की आजही पाय आपोआप उचलतात. हा शब्द मात्र फारसी आहे. धनुर्विद्येच्या सरावासाठी, दंड भरण्यासाठी जे साखळी लावलेले नरम धनुष्य वापरीत, त्याचे ते नाव. आखाड्यातल्या व्यायामाच्या साधनाला झांजेच्या चकत्या लागल्या, मिरवणुकीचा ताल मिळाला आणि मराठी गावांनी त्याचा नाच केला. आता ही लेझीम इराणची की सातारा-सांगलीची? जोड्या लावा!

आता लखनौकडे वळते. 'कथा सांगतो तो कथक' ही व्युत्पत्ती खरी आहे आणि मराठी माणसाला ती चटकन पटते, कारण आपल्याकडे हरदासाची परंपरा आहे. उत्तररंगात आख्यान रंगले की कीर्तनकार एकटाच कधी द्रौपदी होतो, कधी दुःशासन. खांद्यावरच्या उपरण्याचा पदर करतो. अवधच्या मुलखातही अशी कथा सांगणारी घराणी होती. लखनौ घराण्याचे मूळ पुरुष ईश्वरीप्रसाद हे अलाहाबादजवळच्या हंडिया भागातले, असे घराण्याच्या कथेत सांगतात. मात्र जुन्या नोंदींत 'कथक' हे नाव प्रथम माणसांचे येते आणि नृत्याचे फार नंतर. कथक म्हणजे गाणारे, नाचणारे, साज वाजवणारे आणि शिकवणारे लोक. ते ज्यांना शिकवीत त्या कोण, हा प्रश्न आपल्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही.

उत्तर अवघड नाही : तवायफांना. लखनौच्या चौकातल्या कोठ्यांवर तालीम देणे हा कथक गुरूंच्या उपजीविकेचा मोठा भाग होता. ठुमरीच्या शेकडो रचना करणारे आणि तिचा भाव नृत्यातून फुलवणारे बिंदादीन महाराज हे लखनौ घराण्याचे शिखर. १९०२ साली जिचा आवाज हिंदुस्थानात ध्वनिमुद्रित झाला, त्या गौहरजाननेही त्यांच्याकडे तालीम घेतली होती. गुरू पुरुष, शिष्या तवायफ, आणि शिष्येने मैफलीत त्या विद्येला लावलेली धार पुन्हा गुरूच्या शिकवणीत मिसळलेली, असा हा व्यवहार होता. आज आपण 'लखनौची नजाकत' म्हणतो तेव्हा तिच्यातला किती वाटा ड्योढीचा आणि किती कोठ्याचा, हे वेगळे काढता येत नाही.

या स्त्रियांना आपण 'बिचाऱ्या' म्हणून बाजूला ठेवतो. तसे करण्याआधी एक नोंद पाहावी. इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांना लखनौच्या १८५८ ते १८७७ या काळातील करनोंदी पाहताना असे आढळले की शहरात सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या वर्गात तवायफांची नावे आहेत. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी ज्यांची मालमत्ता जप्त केली, त्यांच्या याद्यांतही त्या सापडतात. घरे, बागा, कारखाने यांच्या त्या मालकिणी होत्या. शहराने त्यांच्याकडून कर घेतला, राज्यकर्त्यांनी त्यांना बंडखोर ठरवले, आणि पुढे सुधारकांनी 'नाच' बंद करण्याची चळवळ केली तेव्हा कलेच्या इतिहासातून त्यांचे नावच गेले.

कथकात दरबार कसा आला, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून थोडक्यात सांगते. वाजिद अली शाह हा अवधचा अखेरचा नवाब १८४७ ते १८५६ या काळात गादीवर होता. बिंदादीनांच्या घराण्यातले ठाकुरप्रसाद हे त्याचे नृत्यगुरू. त्याने युवराज असताना १८४३ साली 'राधा कन्हैया का किस्सा' रचून सादर करविला. एका मुसलमान राजपुत्राने कृष्णाचा रास उभा केला, हे लखनौत कोणाला विशेष वाटत नाही. आपल्याला विशेष वाटावे ते निराळेच आहे. त्याच १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले आणि तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. पुढे लखनौत अमानत यांनी 'इंदरसभा' लिहिली. नाचगाण्याने भरलेले ते नाटक पारशी मंडळ्यांनी गावोगाव नेले. पुण्याला पारशी मंडळीचे तसे संगीत नाटक पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना आली आणि १८८० साली 'संगीत शाकुंतल' उभे राहिले, असे आपले नाट्येतिहासकार सांगतात. म्हणजे ज्या नाट्यसंगीतावर आपले आजी-आजोबा जीव टाकीत, त्याच्या मुळांतले एखादे लखनौपर्यंत पोचते.

येथवर उगमाविषयी बोलले. आता शैलीविषयी. शैली कशाने घडते, याचे उत्तर बहुधा 'प्रदेशाच्या स्वभावाने' असे दिले जाते. मला ते फारसे पटत नाही. माझ्या मते शैली घडते ती प्रेक्षक किती हातांवर बसला आहे यावरून.

कथकात 'गत' म्हणून एक प्रकार आहे. शब्द नाहीत, तबल्याचा ठेका आणि सारंगीवर फिरत राहणारा एकच लहरा. नर्तकी एकटी असते. चार पावलांत ती पाणवठ्याला निघालेली गौळण होते, डोईवर घडा, दोन बोटांत धरलेला घुंघट. ती एक पलटा घेते आणि त्याच जागी वाट अडवणारा कृष्ण उभा राहतो. पुन्हा पलटा, आणि मनगट सोडवून घेणारी गौळण. तिचा राग खरा की लटका, हे एका भुवईवर ठरते. हीच गोष्ट आपल्या तमाशात आहे. गण संपला की गौळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची राखण करणारी मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, आणि वाट अडवायला कृष्ण व त्याचा पेंद्या. कथा तीच, देव तोच, दह्याचा माठही तोच. पण फड असतो उघड्या माळावर. मशालीच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला भुवई दिसत नाही. तेथे कमरेचा झोक लागतो, ढोलकीची थाप लागते, मावशीचा फटकारा लागतो. कासोटा घातलेली नऊवारी पाय मोकळे ठेवते, म्हणून पाऊल लांब पडते. लखनौच्या मैफलीत प्रेक्षक दहा हातांवर, लोडाला टेकून बसलेला; तेथे तोच झोक उर्मट दिसला असता.

हे केवळ माझे तर्कट नाही, याचा पुरावा मराठी मुलखातच आहे. फडाची लावणी जेव्हा खोलीत आली, मोजक्या जाणकारांपुढे बसून गायली जाऊ लागली, तेव्हा तिची शैली बदलली. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी तिचा निराळा अर्थ डोळ्यांतून, खांद्यातून, हाताच्या वळणातून दाखवते. तिला आपण 'अदाकारी' म्हणतो. बिंदादीनांचे पुतणे शंभू महाराज नेमके हेच करीत : गादीवर बसून ठुमरीची एक ओळ घ्यायची आणि तिचे भाव संपू द्यायचे नाहीत. वाईच्या यमुनाबाई वाईकर आणि लखनौचे बिरजू महाराज यांची लावणी आणि कथक यांची जुगलबंदी झाली, तेव्हा ती जमली यात नवल नव्हते; दोघे एकाच प्रकारच्या खोलीत वाढलेल्या दोन विद्यांचे वारस होते. एक ब्राह्मण घराण्यातला, एक कोल्हाटी समाजातली. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षात. उशीर कोणामुळे झाला, हे सांगण्याची गरज नसावी.

लावणीचे रचनाकारही पाहा. होनाजी गवळी, त्याचा साथीदार बाळा शिंपी, रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. पेशवाईतले पुणे जातिभेदाने ग्रासलेले होते, आणि त्याच पुण्यात लावणीच्या फडावर ही माणसे एका तालात बोलत होती.

इतर शैलींविषयी फार बोलत नाही. कथकात गुडघे सरळ, शरीराचा अक्ष उभा, म्हणून भोवऱ्यासारखी चक्करे शक्य होतात. भरतनाट्यमात गुडघे बाहेर वळवून केलेली अर्धी बैठक, म्हणून रेषा स्पष्ट, शिल्पात कोरल्यासारख्या. कथकळीचा नट पावलाच्या बाहेरच्या कडेवर तोल धरतो. मणिपुरीत पाऊल जमिनीला दुखवू नये इतके हलके पडते. जयपूरचे कथक राजपूत दरबारांत वाढले, त्यात पखवाजाच्या परणी आणि लयीची झुंज अधिक. हे सारे प्रत्यक्ष पाहावे. ऐकून कळत नाही.

भरतनाट्यमाविषयी मात्र मराठी श्रोत्यांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हती. आज अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम जगभर शिकवला जातो, तो बांधला चार भावांनी : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू. ते तंजावरच्या मराठी दरबारात होते, दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी. सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी पदे आहेत. सरस्वती महालाने 'कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस' या नावाने ती प्रसिद्ध केली आहेत. त्यांचेच 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नृत्यनाट्य तर जगाचा भूगोल सांगते. भूगोलाच्या तासाला पेंगलेल्या आपणा सर्वांना हे आधी कळले असते तर! भरतनाट्यमातल्या 'शब्दम्' या प्रकारात राजाला उद्देशून 'सलाम' येतो. शिवभक्तीच्या तमिळ मुलखात, तेलुगू पदात, मराठी राजाला केलेला फारसी-अरबी सलाम. पुढे १८८० साली तंजावरची राजकन्या सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्याला आली, तेव्हा तिच्याबरोबर गौरा आणि कांतीमती या नर्तकीही आल्या. लग्नाच्या वऱ्हाडातून एक नृत्यशैली हजार मैल उत्तरेला गेली, म्हणून मी आज 'माहेर' हा शब्द वापरते आहे. माहेर एक असते, सासर दुसरे, आणि लेक दोन्हीकडची होऊन राहते.

आता लखनौतल्या मराठी माणसाकडे येते. महानगरातून निशातगंजचा पूल ओलांडून कैसरबागेत गेले की एक जुनी इमारत लागते. तिला परीखाना म्हणतात. वाजिद अली शाहच्या 'परी' येथे नाच-गाणे शिकत. आज तेथे जे संगीत विद्यापीठ आहे, त्याला नाव आहे वाळकेश्वरला जन्मलेल्या एका मराठी वकिलाचे : विष्णु नारायण भातखंडे. भातखंड्यांनी वकिली सोडली, देश पालथा घातला, उस्तादांच्या पोटात दडलेल्या चिजा मिळवल्या, आणि त्या सर्वांना शिकता याव्यात म्हणून स्वरलिपीत मांडल्या. त्यांचा मुख्य ग्रंथ 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. १९१६ साली बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. राय उमानाथ बली, शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली, ठाकूर नवाब अली हे त्यांचे तेथील सहकारी. मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर तेथे दीर्घकाळ प्राचार्य होते.

त्या महाविद्यालयात मोहनराव कल्याणपूरकर कथक शिकवीत. जयपूर आणि लखनौ या दोन्ही घराण्यांची तालीम त्यांच्या अंगात होती. त्यांच्याकडे आणि लच्छू महाराजांकडे पुण्याच्या रोहिणी भाटे शिकल्या, आणि १९४७ साली सुरू केलेल्या 'नृत्यभारती'तून त्यांनी मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींच्या पिढ्या उभ्या केल्या. मुंबईच्या दमयंती जोशी यांना वाढवले ते मादाम मेनका यांनी, म्हणजे हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे यांच्या पत्नीने. खंडाळ्याला त्यांची नृत्यशाळा होती. पुढे लखनौच्या कथक केंद्राच्या संचालकपदावर याच दमयंतीबाई गेल्या. त्या केंद्राचे पहिले संचालक लच्छू महाराज. त्याआधी 'महल' आणि 'मुघल-ए-आझम'चे नृत्यदिग्दर्शन करीत त्यांनी अनेक वर्षे मुंबईत काढली होती. असा हा येणेजाणेपणा आहे.

भातखंड्यांच्या वर्गाने काय दिले, हे मी रोज अनुभवते. तो वर्ग नसता तर माझ्यासारखीला ही विद्या मिळाली नसती. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या मुलीला फी भरून दार उघडे झाले; 'खास घराण्याची चीज' म्हणून कोणी हात आखडता घेऊ शकले नाही. पण वर्गाला हजेरीपट असतो, आणि त्या पटावर ज्यांची नावे येणे अवघड झाले, त्याच ही विद्या आजवर सांभाळून आल्या होत्या. 'चांगल्या घरच्या' मुली येऊ लागल्या तशा त्या मागे सरल्या. दक्षिणेतही तेच झाले. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी प्रथा कायद्याने बंद झाली. प्रथा जायलाच हवी होती. परंतु प्रथेबरोबर त्या स्त्रियांचे गुरुपदही गेले. आज परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मुली ज्या टिपणांवरून 'कथकचा उगम' पाठ करतात, त्यांत देऊळ आहे, दरबार आहे, महाराज आहेत. चौक नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी येत असे. तिला सोडायला येणारी आजी दाराशी चप्पल काढून उंबऱ्यात बसे. आत येत नसे, बोलतही नसे. एके दिवशी मुलगी घुंघटाची गत करीत होती. म्हातारीने न राहवून बसल्या जागी हात उचलला आणि म्हणाली, "बेटा, कपडा बोटांनी नाही, मनगटाने उचलायचा." आणि तिने तो उचलून दाखवला. खोलीत कपडा नव्हताच, पण आम्हा सगळ्यांना तो दिसला. मी त्यांना पुढच्या आठवड्यात आत येऊन मुलींना शिकवण्याची विनंती केली. पुढच्या आठवड्यापासून मुलीला सोडायला तिचे वडील येऊ लागले. आजींची तब्येत बरी नाही, एवढेच त्यांनी सांगितले. ती मनगटाची खूण मी आता प्रत्येक तुकडीला शिकवते. ती कोणाकडून आली हे सांगते, नाव मात्र सांगता येत नाही. मी ते विचारलेच नव्हते, आणि त्यांनी सांगितले असते की नाही, कोण जाणे.

म्हणून त्या सुविद्य आईला मी "नाही हो, तमाशासारखे मुळीच नाही" असे उत्तर दिले नाही. मी म्हटले, "काही बाबतींत अगदी तमाशासारखेच आहे. तुमच्या मुलीला दोन्ही दाखवू." ती जरा गप्प राहिली. मग मुलीला घेऊन आली आणि मुलगी सात वर्षे शिकली. स्नेहसंमेलनात तिने एकदा गत आणि गौळण शेजारी शेजारी करून दाखवली. मावशीचे काम तिच्या वडिलांनी केले, लुगडे नेसून, आणि लखनौच्या प्रेक्षकांनी सर्वांत जास्त दाद दिली ती त्यांनाच.

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही कोळीनृत्य, लावणी, गोंधळ दरवर्षी होतात, आणि पोशाख भाड्याने आणले जातात. पालकांना माझी एक सूचना आहे. कोळीनृत्य बसवायचे असेल त्या वर्षी कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशींना बोलवावे. वल्ह्याचा हात खांद्यातून कसा येतो, हे त्या पाच मिनिटांत दाखवतील. लावणी बसवायची असेल तर जिने ती आयुष्यभर केली, अशी बाई शाळेत यावी, मुलांसमोर खुर्चीवर बसावी, तिला मुख्याध्यापकांनी नमस्कार करावा आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव छापावे. मानधनही द्यावे, कौतुकाने तिचे घर चालत नाही.

आणि आपल्यापैकी कोणी लखनौला आले तर बडा इमामबाडा पाहतील, चिकनचे कपडे घेतील, ते करावेच. चौकात सोने-चांदी गाळणारे सांगलीकडचे गलाईवाले भेटतील, त्यांच्याशी मराठीत बोलावे, फार आनंद होतो त्यांना. मग कैसरबागेत परीखाना बाहेरून पाहून घ्यावा आणि गोलागंजकडे, झाऊलालच्या पुलापाशी, कालका-बिंदादीनांची ड्योढी विचारावी. ते घर आता संग्रहालय झाले आहे. आधी कळवलेत तर मीही महानगरातून येईन. तेथून चौक फार लांब नाही. तुमचे पाय दुखत नसतील तर आपण दोन्ही ठिकाणे एकाच दुपारी करू.